विक्कीच्या नव्या कॅमेऱ्याची परीक्षा

शीलाबाईंना दुसऱ्याने काढलेला फोटो आवडला, असं बाभुळगावात कोणी ऐकलेलं नाही. लग्नाचा अल्बम समोर आला की त्या पहिल्याच पानावर नाक मुरडत. नवरीचं कपाळ पांढरंफटक पडलंय, नवरदेवाचा कान कापलाय, मामाच्या डोक्यातून पंख्याचं पातं उगवलंय, असं सगळं एका दमात सुनावून अल्बम परत करत. नवरा गेल्यावर स्टुडिओ त्यांनी एकटीनं चालवला होता आणि अर्ध्या तालुक्याची लग्नं त्यांच्या कॅमेऱ्यातून निघाली होती, त्यामुळे त्यांना उलटून बोलायची कोणाची छाती नव्हती.

ती छाती एकट्या उर्वशीची होती. उर्वशी त्यांची एकुलती मुलगी. तिचं लग्न नेरच्या मुलाशी ठरलं आणि त्याच संध्याकाळी तिनं आईला बजावलं.

"आई, माह्या लग्नात तू कॅमेऱ्याले हात लावायचा नाई."

"मंग काढंन कोण? तुहा सासरा?"

"विक्की काढंन. तू माह्याजवळ उभी राहायचं." उर्वशीनं कपाटातले जुने अल्बम भराभर पुढे टाकले. वाढदिवस, गॅदरिंग, नागपूरची सहल, दहावीचा निकाल. "पाय. एकात तरी तू हायेस का? मैत्रिणी विचारतात, तुले आई हाये का नाई म्हणून. मले तुह्यासंग एक फोटो पाहिजे. एकच. मांडवात, दोघी जवळ उभ्या."

पोरीचं म्हणणं खरं होतं आणि खऱ्या गोष्टीपुढे शीलाबाईंना चिडण्यापलीकडे काही सुचत नसे. त्या विक्कीवर चिडल्या. विक्कीचं फोटोचं दुकान त्यांच्या समोरच्या गल्लीत होतं. तिशीतला, केसांना जेल लावणारा, बोलायला गोड.

"तो? तो पोट्टा लोकाईच्या फोटोतलं आभाळ बदलून देते! यवतमाळच्या उन्हात काढलेल्या नवरीच्या मागं बर्फाचे डोंगर लावते तो!"

पण उर्वशी हटली नाही. शेवटी शीलाबाईंनी अट घातली: विक्की जो नवा कॅमेरा घेणार आहे, तो आधी त्या स्वतः हातात घेऊन पाहतील. विक्कीनं लगेच होकार दिला. यवतमाळला कंपनीचा कार्यक्रम होता, एका हॉलमध्ये नवे कॅमेरे आणि लेन्स मांडणार होते, कोणीही यावं आणि हाताळून पाहावं. दोघं सकाळच्या एसटीनं निघाली.

हॉलमध्ये शिरताच शीलाबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. जिल्ह्यातले सगळे फोटोग्राफर तिथं जमले होते आणि सगळे एकाच पोरीचे फोटो काढत होते. पोरगी यवतमाळच्या कॉलेजातली, सलोनी नावाची. तिला गुलाबी झगा घालून लाल-निळ्या दिव्यांखाली उभं केलं होतं आणि बाजूला एक यंत्र साबणाचे फुगे सोडत होतं. तिच्यापुढे तीस-पस्तीस दाढीवाले पुरुष गुडघे टेकून बसले होते. नवा कॅमेरा पाहायला आलात की पूजेला, असं शीलाबाईंनी मोठ्यानं विचारलं. दोघेतिघे हसले, पण गुडघे कोणी उचलले नाहीत.

कंपनीचा माणूस नागपूरचा होता. अमर त्याचं नाव. गळ्यात पट्टा, तोंडात इंग्रजी. त्यानं आधी शीलाबाईंचं आधार कार्ड ठेवून घेतलं आणि मग खिशात मावेल असा छोटा कॅमेरा त्यांच्या तळहातावर ठेवला. वरून जुन्या कॅमेऱ्यासारख्या फिरवायच्या चकत्या, चामड्यासारखं दिसणारं पण चामडं नसलेलं वेष्टण.

"मॅडम, कॉम्पॅक्ट आहे. याला सध्या वेटिंग आहे. जुन्या फिल्मसारखा फोटो येतो, दाणेदार."

"दाणेदार?" शीलाबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "बावा, ते दाणे फोटोतून काढता काढता माहे डोळे गेले. आन् तू तेच दाणे विकत देऊन राह्यला?"

"तरुण पिढीला तो लुक आवडतो."

"मंग माह्या अडगळीत पेटीभर पडले हायेत. घेऊन जा म्हणा."

त्यांनी कॅमेरा उलटसुलट केला. धरायला जागा नाही, करंगळी खाली लोंबकळते, बटणं तांदळाएवढी. एखाद्या श्रीमंताच्या पोरानं गळ्यात घालून मिरवायची वस्तू, असा निकाल देऊन त्यांनी तो परत केला.

मग विक्कीचा लाडका आला, आत आरसा नसलेला मिररलेस. विक्कीनं तो अशा अदबीनं पुढे केला की शीलाबाईंना तिथंच वीट आला. त्यांनी डोळा लावला. आत बारीकसा टीव्ही दिसला. समोरची सलोनी खरी आणि आतली सलोनी टीव्हीतली. त्यांनी बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"बिघडला."

"नाही मॅडम, फोटो निघाला. सायलेंट शटर आहे. एका सेकंदात वीस निघाले."

"आवाज नाई?" शीलाबाई चिडल्याच. "नवरदेवाले कसं समजंन फोटो निघाला म्हणून? तो बिचारा श्वास धरूनच बसंन! आमच्याकडं खट्ट झालं की लोकं सुटतात, पदर सावरतात, हासतात. खरा फोटो त्यानंतर काढा लागते. हे काय, चोरी करून राह्यले का?"

विक्की खाली मान घालून हसू लपवत होता. अमरनं घाईघाईनं लेन्स बदलली. ही मोठी होती, पुढची काच बशीएवढी. हिच्या फोटोत मागचं सगळं धूसर, लोण्यासारखं मऊ होऊन जातं, असं तो म्हणाला.

"लग्नात मागं लोकं असतात बावा. मामा, आत्या, मोठीमाय, सारं गाव. त्याईचं लोणी करून टाकलं तर अल्बम पाहीन कोण? लोकं अल्बमात आधी सोताले शोधतात." त्यांनी लेन्सवरचं फोकसचं कडं फिरवलं. ते फिरतच राहिलं. कुठं अडेना, कुठं थांबेना. "याले शेवट नाई का? फोकस कुठं संपला, हाताले कसं कळंन?"

"हातानं करायची गरजच नाही मॅडम. कॅमेरा स्वतः डोळा शोधतो. बघा."

त्यानं कॅमेरा सलोनीकडे धरला. तिच्या डोळ्यावर हिरवी चौकट बसली. सलोनीनं मान वळवली, चौकट डोळ्याच्या मागोमाग गेली. हे शीलाबाईंना आवडलं होतं, आणि आवडल्याचा त्यांना भयंकर राग आला. त्यांनी कॅमेरा हिसकून घेतला आणि खोड काढायला हॉलभर फिरवला.

खोड सापडली. सलोनीच्या मागच्या भिंतीवर हॉलच्या मालकाच्या वडिलांची हार घातलेली मोठी तसबीर होती. सलोनीनं केस मागे घेताना चेहरा जरा झाकला आणि ती हिरवी चौकट टुणकन उडून म्हाताऱ्याच्या डोळ्यावर बसली. सलोनी धुरकट, मेलेला म्हातारा लख्ख.

हॉलमध्ये हशा पिकला. शीलाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना उर्वशीचा मांडव दिसला. पांढऱ्या कापडाचं टेबल, त्यावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, आणि पुढे उभी जोडी. त्यांच्याकडच्या प्रत्येक लग्नात प्रत्येक महत्त्वाच्या फोटोत मागे तसबीर असतेच.

"मंग आमच्या लग्नात काय होईन?" त्यांनी अमरला विचारलं, आणि या वेळी आवाजात टोमणा नव्हता.

"सेटिंगमध्ये जाऊन चेहरा ठरवून देता येतो, मॅडम."

"नवरी थांबंन का बावा, तू सेटिंगात जाऊन येतपर्यंत?"

शेवटी शीलाबाईंनी नाक मुरडतच मान डोलावली आणि विक्कीनं तोच मिररलेस घेतला. परतीच्या एसटीत तो सांगत होता, मावशी, मी चौकट मागच्या काचेवर बोटानं धरून ठेवीन, काळजी करू नका. शीलाबाईंनी खिडकीबाहेर पाहत एवढंच म्हटलं, "तुह्या बोटाचीच तर काळजी हाये."

लग्नाच्या दिवशी शीलाबाई पांढरी साडी नेसून उभ्या होत्या आणि हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. इतक्या वर्षांत मांडवात त्यांचे हात रिकामे असे कधी राहिलेच नव्हते. त्रिशरण-पंचशील झालं, जोडीनं प्रतिज्ञा घेतल्या, हार घातले, फुलं पडली. सगळ्यांच्या नजरा उर्वशीवर होत्या. शीलाबाईंची नजर विक्कीवर होती. तो कुठं उभा राहतो, किती वाकतो, ऊन कुठून येतंय, बोट चौकटीवर आहे की केसांत. डोळ्यांत तेल घालून त्या त्याच्या चुका वेचत होत्या.

मग उर्वशीनं त्यांचा हात धरला. "आई, चल. आपला फोटो."

दोघी टेबलापुढे उभ्या राहिल्या. उर्वशीनं हात घट्ट धरून ठेवला होता. विक्कीनं कॅमेरा डोळ्याला लावला. आवाज काहीच नाही. काढला की नाही, देव जाणे.

"विक्की! फोकस मागं गेला का? तसबीर धरली का त्यानं?"

"नाई मावशी. हासा जरा."

"हासू कायले? आधी चौकट पाय कुठं हाये ते! अन् खाली वाक, असा खांबासारखा काय उभा राह्यला!"

"उर्वशीताई, इकडं पाहा. समोर."

"तिले काय सांगतं, तू आपलं बोट पाय! पाय, सरकलं! सरकलं ना बोट!"

त्या हातानं दाखवत होत्या, मान ताणून कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत डोकावू पाहत होत्या. मागं पाहुण्यांची रांग लागली होती. सासरची मंडळी पुढे सरकली, फुलांचे गुच्छ आले आणि दोघींचा फोटो तिथं आटोपला. दुपारी जेवणं उरकून गाडी नेरला निघून गेली.

चौथ्या दिवशी विक्की लॅपटॉप घेऊन स्टुडिओत आला. शीलाबाईंनी चष्मा पुसून घेतला. त्या तयारीत बसल्या होत्या.

दोघींचा पहिला फोटो उघडला. तसबीर मागे मऊ होती, पण ओळखू येत होती. पांढऱ्या साडीची घडी न घडी शाबूत. त्यांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. उर्वशीच्या पापणीचा केस न् केस दिसत होता. त्यांच्या स्वतःच्या डोळ्याखालच्या सुरकुत्यासुद्धा. चौकट कुठेही सरकली नव्हती. असा फोटो त्यांच्याकडून निघाला नसता, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते त्यांनी गिळलं. त्या खोड शोधत राहिल्या.

"हे पाय!" त्यांचा चेहरा खुलला. "पोट्टीची नजर कॅमेऱ्यात नाई. दुसऱ्यातबी नाई. एकातबी नाई! एवढा लाखाचा डबा घेतला अन् नवरीले समोर पाय म्हणून सांगता येत नाई तुले?"

"सांगतलं मावशी. तीनदा सांगतलं. थे पाहेच ना."

"थांब, तिलेच विचारते." शीलाबाईंनी तिथल्या तिथं नेरला फोन लावला. पलीकडून भांड्यांचा आवाज आला, मग उर्वशीचा.

"काय वो उर्वशे, फोटो सारे वाया घालवले तू! या विक्कीनं बरे काढले होते. एकातबी समोर पाह्यलं नाई. काहून?"

"मी तुह्याकडं पाहून राह्यली होती, आई. तू एकडाव माह्याकडं पाहशीन म्हणून."

फोन कानाला तसाच धरून शीलाबाईंनी दुसऱ्या हातानं फोटो पुन्हा पहिल्यापासून काढले. ओठ वाकडा, हनुवटी वर, बोट पुढे केलेली एक बाई प्रत्येक फोटोत कॅमेऱ्यावर डाफरत होती. शेजारी पोरगी तिच्या तोंडाकडे पाहत होती. शेवटच्या फोटोपर्यंत पाहत होती. शीलाबाईंनी तोही उघडला. त्यातही त्यांची मान तिच्याकडे वळलेली नव्हती.