हिलालच्या नावाचं कापड

प्लेगच्या पुढच्या साली लिंबायतच्या लूमकामगारांच्या खोल्याखोल्यांतून नूतन नावाची कॉलेजातली पोरगी कागद घेऊन फिरत होती. पुरुष किती कमावतो आणि बाई किती, एवढंच विचारायची. हिलाल खाटेवर पसरून म्हणाला, "मना अठराशे. हिना चारशे. सुतानी कांड्या तं भरस नुसत्या."

त्याच्या बायकोच्या, सरलाबाईच्या, तळपायाची आग मस्तकात गेली. जाणारच की! दुपारी जेवून हा बाबा दारूची पोटली ढोसायला जायचा तो संध्याकाळीच उगवायचा, आणि तोवर कारखान्यातले त्याचे चार लूम चालवायची ही. कापड मात्र सगळं हिलालच्या नावावर चढायचं, कारण सेठ बाईला लूम देतच नव्हता. दोन वर्षं तिनं तोंड शिवून घेतलं होतं.

"ताई, खोटं बोलस तो," ती म्हणाली. "दुपारनंतर चारी लूम मी चालाडस. त्यातले नऊशे मना लिखा."

हिलालनं उठून तिच्या अशी कानाखाली वाजवली की नूतनच्या हातातले कागद गळाले. मग झिंज्या धरून त्यानं तिचं डोकं चौकटीवर आपटलं, एकदा, दोनदा. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरलं. "मनी इज्जत काढस का, रांडे?" तो तिसऱ्यांदा आपटणार, तेवढ्यात तिच्या हाताला वरवंटा लागला. तिनं तो त्याच्या उजव्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचं शेजारच्या पुष्पाबाईलाही ऐकू आलं. हिलाल गुरासारखा ओरडला, आणि खोटं कशाला सांगू, सरलाबाईला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी हिलाल प्लॅस्टर घालून घरी. डोक्याला फडकं बांधून ती एकटीच कारखान्यात गेली. वाटलं, आता तरी सेठ म्हणेल, चालव तूच. दुपारी लूमवर कोण असतं ते त्याला का माहीत नव्हतं? रोज बघत होता मेला!

सेठनं तिथं उखा नावाच्या गड्याला उभं केलं होतं. परवाच गावाहून आलेला, तुटलेला धागा जोडायचा कसा तेही ठाऊक नाही.

"सरलाबेन, याला आठ दिवस शिकव," सेठ म्हणाला. "हिलालचाच पगार देतो त्याला."

"आणि माले?"

"तुझ्या कांड्या आहेत ना."

तिनं टेबलावरची कातर उचलली. पहिल्या लूमचा उभ्या धाग्यांचा ताणा आडवा फाडला, मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. उखा मध्ये पडला तर त्याच्या दंडात टोक घुसलं. तुटलेले धागे झुपक्यांनी लोंबायला लागले, सेठ बोंबलत होता, आणि ती चौथ्या लूमकडे निघाली होती. कातर तिच्या हातातून काढून घ्यायला तीन गडी लागले.