श्वासगुरूंची फुंकर आणि छोटूची मान

"उठा!" श्वासगुरू कडाडले आणि चाकांच्या खुर्चीतली म्हातारी खरोखरच उठून उभी राहिली.

सभागृहात एकच गलका झाला. एरवी तिथे पोरं बास्केटबॉल खेळतात. आज त्या फळकुटांच्या जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी रडत होतं, कुणी हात जोडून डोळे मिटले होते. म्हातारी एक पाऊल टाकी की लोक ओरडत, दुसरं टाकी की आणखी ओरडत. ती व्यासपीठाच्या पायऱ्यांपर्यंत पोचली तेव्हा ढोल-कर्णे असलेलं ध्वनिमुद्रित संगीत असं काही वाजलं की छताचे दिवे थरथरले.

मी शाळेत शिकवते, तिथूनच थेट आले होते, त्यामुळे अगदी मागे दारापाशी उभी होते. म्हातारीचा चेहरा पडद्यावर मोठा दिसला आणि मी चाटच पडले. ती आमच्या शेजारची मावशी होती!

पुढे पाचव्या-सहाव्या रांगेत माझा धाकटा भाऊ बसला होता. एवढ्या गर्दीतही तो लपत नाही. दरवाजातून आडवा होऊन शिरावं लागतं अशा या माणसाला घरात आम्ही सगळे छोटू म्हणतो. छोटू उठून उभा राहिला, त्याने मानेचा पट्टा काढला आणि खुर्चीखाली फेकून दिला. शेजारी बसलेली त्याची बायको, माझी भावजय, त्याच्या दंडाला धरून हुंदके देत होती.

छोटूचा धंदा सांगायला हवा. तो पैलवान, पण मातीतला नव्हे. दिव्यांच्या झगमगाटात, दोरांच्या रिंगणात जी कुस्ती होते आणि जिचा निकाल कपडे बदलायच्या खोलीत आधीच ठरतो, ती त्याची कुस्ती. उमेदीची सगळी वर्षं तो देशोदेशी फिरला. एका देशात तो 'विषारी राजपुत्र' होता, दुसऱ्यात 'काळा सुलतान', तिसऱ्यात तोंडावर बुरखा चढवून 'यमदूत'. नावं बदलली, काम एकच राहिलं. हरायचं. समोरचा देखणा नायक बलदंड वाटावा म्हणून त्याने उचलून आपटायचं, आणि याने असं पडायचं की शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या तोंडून 'आई गं' निघावं. बंदरालगतच्या गोठलेल्या शहरात तो पडला, वाळवंटात उघड्यावर बांधलेल्या रिंगणात पडला, शाळांच्या व्यायामशाळांत पडला. भाषा कळत नसे, पण शिव्या बरोबर कळत. "ताई, लोकांनी शिव्या घातल्या म्हणजे काम चोख झालं समजायचं," असं तो हसत सांगे.

निकाल खोटा असला तरी जमीन खरी असते. इतक्या आपटण्यांनी मानेच्या मणक्यातली चकती सरकली होती आणि मज्जारज्जूवर दाबत होती. उजव्या हातातून कप निसटायला लागला, तेव्हा तो परत आला. डॉक्टरीणबाईंनी मणक्याचा फोटो दाखवून स्पष्ट सांगितलं, "शस्त्रक्रिया लवकर करायला हवी. तोवर एकदासुद्धा पडायचं नाही. एक वाईट पडणं झालं, तर हातपाय कायमचे जातील."

"आणि कुस्ती?" छोटूने विचारलं.

"ती संपली."

नेमकं याच वेळी परदेशातल्या एका आयोजकाने त्याला शब्द दिला होता. पुढच्या दौऱ्यात शेवटच्या लढतीत छोटू जिंकणार. सोनेरी पट्टा त्याच्या कमरेला. "ठरवून का होईना, ताई, पण एकदा जिंकायचंय," तो मला म्हणाला. 

अशा माणसाला श्वासगुरू सापडायला कितीसा वेळ लागणार?

हे गुरू फुंकर मारत. "विश्वलहरी माझ्या फुप्फुसात उतरते, तिथे तिचं स्पंदन होतं, आणि ती तुमच्या पेशीपेशीत शिरते!" असं त्यांचं प्रवचन. मी मुलांना फुप्फुसं शिकवते. त्यांत हवा उतरते, बाहेर येते. विश्वलहरीसाठी तिथे वेगळा कप्पा असल्याचं आमच्या पुस्तकात तरी नाही. गुरूंनी कपाळावर फुंकर मारली की माणसं धाडदिशी मागे पडत. दोन सेवक त्यांना झेलून जमिनीवर निजवत. उठले की दुखणं गेलेलं!

दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या घरी गेले. त्या भाजी निवडत बसल्या होत्या.

"मावशी, तुम्ही चाकांच्या खुर्चीत कधीपासून?"

"मी? काय बोलतेस! बसमधून उतरून काठी टेकत टेकत गेले की. दारात ती पोरं म्हणाली, आजी, रांग मोठी आहे, दमाल, या खुर्चीत बसा. गुणाची पोरं हो! आणि मला थेट पुढेच नेऊन ठेवलं."

"मग गुरू 'उठा' म्हणाले..."

"मग उठले. उठायला काय धाड भरलीय मला?"

"अहो, पण लोकांना वाटलं तुम्ही पांगळ्या होतात आणि चालायला लागलात!"

मावशींनी एक शेंग उगाच दोनदा मोडली. "ते मला मागाहून कळलं," त्या म्हणाल्या. "पण एवढी माणसं रडत होती गं. सगळ्यांचा हिरमोड कसा करायचा? आणि खरं सांगू? त्या गडबडीत मलाही गुडघा हलका वाटला."

ही झाली पहिली युक्ती. जो चालू शकतो त्याला खुर्चीत बसवायचं आणि मग चालायला लावायचं. जे खरोखरच उठू शकत नव्हते, त्यांच्या खुर्च्या सेवकांनी मागे खांबाआड लावल्या होत्या. गुरूंची फुंकर तिथवर पोचत नसावी.

मी तशीच छोटूकडे गेले. तो शर्टाची बटणं लावत होता. म्हणजे प्रयत्न करत होता. उजव्या हाताची बोटं बटणावरून घसरत होती, पुन्हा पुन्हा. शेवटी भावजय पुढे झाली आणि लहान मुलाला घालावा तसा तिने शर्ट घातला.

"हात जास्तच बिघडलाय," मी म्हणाले. "गोळ्या घेतोस ना?"

"गुरूंनी बंद करायला सांगितल्या," भावजय म्हणाली. "बरं होण्याआधी दुखणं उसळतं म्हणे. रोग जाताना दार आपटून जातो."

"म्हणजे बरं वाटलं तर गुरूंमुळे, आणि बिघडलं तरी गुरूंमुळेच! छान आहे!" मी मावशींची सगळी हकीगत सांगितली.

भावजयीचे डोळे भरून आले. "ताई, तुम्हाला आमचं एवढंही बघवत नाही का? डॉक्टर म्हणतात सगळं संपलं. तुम्ही म्हणता हे खोटं. मग आम्ही जायचं कुठे?"

 छोटू खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ताई, त्या दिवशी तिथे माझी मान खरंच दुखली नव्हती."

"रिंगणात बरगडी मोडली होती तेव्हाही लढत संपेपर्यंत दुखली नव्हती. तूच सांगितलं होतंस."

तरी तो पुढच्या सभेला गेलाच, आणि मीही मावशींना घेऊन मागोमाग गेले. आणि या वेळी सेवकांनी त्याला हेरलं. असा धिप्पाड माणूस फुंकरीने कोसळला तर केवढा देखावा!

"सात समुद्रांपार गाजलेला जगज्जेता!" गुरूंनी पुकारा केला. "ज्याला जगात कुणी पाडू शकलं नाही, त्याला आज लहरीचा स्पर्श होणार!"

ज्याला सगळ्या जगाने पाडलं होतं तो माणूस मान खाली घालून व्यासपीठावर उभा होता. भावजय त्याला आधार द्यायला बरोबर गेली होती. माझ्या डोळ्यांपुढे डॉक्टरीणबाईंनी दाखवलेला मणक्याचा फोटो आला. एकदासुद्धा पडायचं नाही. मी खुर्च्यांमधून धावले, ओरडले, "थांबा! त्याचा मणका..." पण संगीत सुरू झालं होतं. दोन सेवकांनी मला अडवलं आणि हसतमुखाने मागे रेटलं.

गुरूंनी फुंकर मारली.

छोटू उभाच.

गुरूंनी हात उंच केले, दुसरी फुंकर मारली. छोटू उभाच होता. त्याने डोळे गच्च मिटले होते, गालांवरून पाणी ओघळत होतं. तो मनापासून वाट बघत होता. लहर आता येईल, आता येईल.

तेव्हा गुरूंनी एका हाताने छातीवरचा माइक झाकला, दुसऱ्याने त्याच्या कपाळावर दाब दिला आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

छोटूने डोळे उघडले. त्याने वळून मागे पाहिलं. झेलणारे सेवक कॅमेऱ्याला जागा करून देण्यासाठी बाजूला सरले होते. मागे नुसत्या फळ्या होत्या.

"हे मला 'पड' म्हणाले," छोटू मोठ्याने बोलला. गुरूंचा हात माइकवरून निसटला असावा, कारण ते वाक्य सभागृहभर घुमलं. "पटकन पड, म्हणाले. जगभर मला हेच सांगितलंय. पण ज्याने सांगितलं त्याने आधी माझ्या मानेखाली हात घातलाय. यांनी मागे कुणी आहे का तेसुद्धा बघितलं नाही."

"याच्यात अविश्वासाचं विष आहे!" गुरू किंचाळले.

आणि लोकांनी छोटूला शिव्या घातल्या. मागच्या रांगेतून मावशी काठी उंचावून ओरडत होत्या, "अरे, मीही चालतच आले होते!" कुणी ऐकलं नाही. एकाने पाण्याची बाटली फेकून मारली. आयुष्यभर त्या शिव्यांवर पोट भरलेला माझा भाऊ त्या क्षणी लहान मुलासारखा उभ्याने रडला. "मला खरंच बरं व्हायचं होतं हो," तो लोकांना सांगत होता. भावजयीने त्याचा निकामी हात आपल्या हातात घेतला. ती अगदी शेजारी होती. 'पड' तिनेही ऐकलं होतं. ती त्याला एकेक पायरी उतरवत खाली घेऊन आली. सेवकांनी आम्हाला दाराबाहेर काढलं.

पडण्यामागची युक्ती एवढीच. आधीचे पडलेले दिसतात, संगीताने डोकं बधिर होतं, कपाळावर हलकासा दाब येतो, आणि हजारो डोळ्यांपुढे आपणच तेवढे अभागी ठरू नये म्हणून माणूस पडतो. उठल्यावर त्या भरात दुखणं घटकाभर जाणवत नाही. घरी गेल्यावर जाणवतं, पण ते बघायला तिथे कॅमेरा नसतो.

त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या. भावजयीने विचारलं, "हात पूर्वीसारखा होईल?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आधी आला असतात तर बराचसा झाला असता. आता चालणं वाचलंय. पकड थोडी येईल, बारीक कामं जमणार नाहीत. कुस्ती नाहीच."

भावजय भिंतीकडे तोंड करून रडली. छोटू छताकडे बघत म्हणाला, "ताई, काय होणार नाही, हे त्या गुरूंनी एकदाही सांगितलं नव्हतं."

सोनेरी पट्टा त्याला मिळाला नाही. दुसऱ्याच कुणाला तरी मिळाला. छोटू आता डाव्या हाताने जेवायला शिकतोय; चिडतो, चमचा फेकतो, पुन्हा उचलतो. श्वासगुरूंच्या सभा दुसऱ्या शहरांत जोरात चालू आहेत.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरात दुखणं असेल तर आशा सोडा, असं मी कधीच म्हणणार नाही. आशेवाचून कुणाचं चाललंय? पण जो कुणी बरं करतो म्हणेल, डॉक्टर असो की गुरू, त्याला एवढं विचारा: तुमच्याने काय होणार नाही? जो खरा जाणकार आहे तो सांगेल, आणि ते ऐकताना तुम्हाला रडू येईल. जो म्हणेल की माझ्याने सगळं होतं, त्याच्यापुढे कपाळ नेऊ नका. आधी वळून बघा, तुमच्या मागे झेलायला कुणी उभं आहे का.