घाईबाईंच्या घरचा पांगुळगाडा

मित्रांनो, तुम्ही चालायला कसे शिकलात हे तुम्हाला आठवत नसेल. देवानेच तशी सोय करून ठेवली आहे. प्रत्येक पडणे लक्षात राहिले असते, तर पुन्हा उठायची हिंमत कुणाला झाली असती? मला मात्र ते दिवस आठवतात. तुमचे नव्हे, पण तुमच्यासारख्या पुष्कळांचे. मी एक जुना पांगुळगाडा आहे. खाली तीन लाकडी चाके, वर उभी चौकट आणि चौकटीला एक आडवी मूठ. मूल मूठ धरते, मी पुढे सरकतो, मूल माझ्यामागून पाऊल टाकते. माझे काम एवढेच.

माझा जन्म एका लॉन्ड्रीत झाला. दवाखान्यांच्या आणि खानावळींच्या चादरी तिथे ढिगाने येत. इस्त्रीचे मोठे टेबल वाफ खाऊन खाऊन खचले, तेव्हा मालकाने सुताराकडून नवे करून घेतले. जुन्या टेबलाचे लाकूड चुलीत जायचे, तेवढ्यात इस्त्री करणारी एक बाई पुढे आली.

"मामा, यातून माझ्या लेकीला पांगुळगाडा होईल का हो?"

"लेक चालायला लागली का?"

"नाही, अजून बसत नाही."

सुतारमामांनी कानामागची पेन्सिल काढली आणि ते तिच्याकडे बघतच राहिले. "मग एवढी कसली घाई, बाई?"

"तुम्ही करा तर. तोवर बसेल ती."

पलीकडे चादरींच्या घड्या घालणारी तिची मैत्रीण हसू दाबत म्हणाली, "हिचं असंच आहे, मामा. भूक लागायच्या आधी हात धुऊन बसते."

त्या दिवसापासून पहिलीचे नाव घाईबाई पडले. दुसरीचे सावकाशबाई हे नाव तर आधीपासूनच होते. मोठी चादर एकट्याने घडी होत नाही. दोन टोके दोघींनी धरायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत येऊन कोपऱ्याला कोपरा लावायचा. घाईबाई ओढायच्या, सावकाशबाई धरून ठेवायच्या. दोघींची घडी कधी मोडून पुन्हा घालावी लागली नाही, असे मालकसुद्धा कबूल करायचे.

मामांनी माझी मूठ काचकागदाने घासघासून लोण्यासारखी केली. "तळहात मऊ असतात पोरांचे, कुसळ जायला नको," असे ते पुटपुटत होते. मायेचा हात म्हणजे काय, ते मी पहिल्यांदा तिथेच शिकलो.

घाईबाईंची लेक आईवर गेली होती. मला धरून ती उभी काय राहिली, चार दिवसांत साऱ्या घरभर गरगर फिरू लागली. तिला सगळे भिंगरी म्हणू लागले. घाईबाई लॉन्ड्रीत प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायच्या, "आमची चालली हं." गिऱ्हाईक आपले शर्ट मोजत मान डोलवायचे.

सावकाशबाईंचा मुलगा भोपळ्या भिंगरीच्याच वयाचा. तो गोल गरगरीत, हसरा, आणि जागचा न हलणारा. वाढदिवस होऊन गेला तरी पठ्ठ्या बसल्या जागेवरून सारे जग बघायचा. हळूहळू लोक विचारू लागले. "अजून नाही का?" सासूबाई म्हणाल्या, "आई तसं लेकरू." घड्या घालताना सावकाशबाईंचे कोपरे चुकू लागले.

मग घाईबाईंनी मला काखेत मारले आणि मैत्रिणीच्या घरी नेले. भोपळ्याने माझी मूठ धरली, जोर लावला, आणि मी सुर्रकन पुढे निघून गेलो. तो हनुवटीवर आपटला. पुढे कितीतरी दिवस मला बघितले की तो ओठ काढायचा. मला फार वाईट वाटे. मी मुद्दाम केले नव्हते, मित्रांनो.

सावकाशबाई उंबरठ्यावर बसून म्हणाल्या, "माझ्यातच काहीतरी कमी आहे गं. माझं दूध पुरलं नसेल. नाहीतर माझं लक्षच कमी पडत असेल."

घाईबाईंनी चपला काढल्या आणि खोलीत दोन पावले टाकली. "अगं, ही फरशी आहे की आरसा? मीच घसरते इथे. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं, आणि तुझं तरी काय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी लॉन्ड्रीतली एक जुनी कोळशाची इस्त्री आणली आणि चादरीच्या काठाची पट्टी फाडून ती माझ्या बुडाला घट्ट बांधली. मी जड झालो. भोपळ्याने ढकलले की बोटभर सरकायचो आणि थांबायचो. रोज काम सुटले की घाईबाई यायच्या. एका भिंतीशी आई, दुसऱ्या भिंतीशी मावशी, आणि मध्ये आम्ही दोघे. जगात सगळ्यात घाई असलेली ती बाई तासन्‌तास गप्प बसून राहायची. ज्या संध्याकाळी भोपळ्या माझी मूठ सोडून आईच्या मांडीत जाऊन पडला, त्या संध्याकाळी सावकाशबाई हसत होत्या आणि घाईबाई पदराने डोळे पुसत होत्या.

पुढे माझे नाव झाले. गल्लीत कुणाकडे मूल उभे राहू लागले की मला बोलावणे यायचे. "घाईबाईंच्या गाड्याचा गुण चांगला आहे," असे म्हणत. किती पोरे माझ्या मागून गेली आणि मला मागे टाकून पुढे पळाली, ते मी मोजले नाही. पळाली, यातच माझा आनंद होता.

मग रंगीत प्लास्टिकच्या गाड्या आल्या, गाणी वाजवणाऱ्या. लॉन्ड्रीत यंत्रे आली, दोघी मैत्रिणी घरी बसल्या. मी घाईबाईंच्या गॅलरीत गेलो. माझ्यावर तुळशीची एक कुंडी ठेवली होती. तिचे पाणी रोज माझ्या चौकटीत मुरे. एका चाकाचा रंग उडाला, दुसरे जरा फुगले. मी कुरकुर केली नाही. झाडाला तरी माझा आधार होता.

भिंगरी शिकली, दूरच्या शहरात नोकरीला लागली, तिथेच तिचे लग्न झाले. मग तिला मुलगी झाली. बाळंतपण तिकडेच झाले. घाईबाईंचा गुडघा तेव्हा दुखावला होता, म्हणून त्यांना जाता आले नाही. सगळी माया फोनवरूनच चालायची. गॅलरीचे दार उघडे असे, त्यामुळे मला ऐकू येई.

"डोक्याखाली मऊशी उशी दे हं."

"आता उशी देत नाहीत, आई."

"उन्हाळा आहे, चमचाभर पाणी पाज तिला."

"सहा महिने पाणीसुद्धा द्यायचं नसतं. आता तसं करत नाहीत."

भिंगरी रागाने बोलायची नाही. तिचे खरेही होते, डॉक्टरांनीच तसे सांगितले होते. पण "आता तसं करत नाहीत" हे वाक्य इतक्या वेळा आले, की घाईबाई हळूहळू फोनवर फक्त "बरं" म्हणू लागल्या.

सावकाशबाईंच्या नजरेतून ते सुटले नाही. "काय गं, तुला 'बरं' म्हणायला कधीपासून यायला लागलं?"

"मला आता काहीच येत नाही बाई. एक लेक वाढवली, ती चुकून वाढली म्हणायची."

"मग शिकू की."

"या वयात?"

"तू लेक बसायच्या आधी पांगुळगाडा केलास. मी म्हातारपणी शाळेत जाईन. चल."

जवळच्या दवाखान्यात नव्या आयांसाठी वर्ग भरायचा. दोघी तिथे जाऊ लागल्या. घरी आल्या की उशीला लंगोट बांधायचा, उशीला आंघोळ घालायची, उशीची ढेकर काढायची. एकदा उशी त्यांनी माझ्या मुठीला उभी करून ठेवली. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला धरले, म्हणून मीही सुखावलो.

"ती शिकवणारी पोरगी मला विचारते, आजी, पहिलंच का?" घाईबाई सांगत होत्या. "म्हटलं, हो बाई, आजी व्हायची माझी पहिलीच वेळ."

बाळ अकरा महिन्यांचे झाले आणि भिंगरी महिनाभरासाठी माहेरी आली. सगळे त्या बाळाला पिटुकली म्हणत. पिटुकली गुटगुटीत होती. खुर्ची धरायची, पलंग धरायची, पण हात सोडायची नाही. भिंगरीचे मात्र डोळे खोल गेले होते. फोन हातातून सुटत नव्हता. त्यात आयांचा एक गट होता, दोनशे जणींचा. रोज कुणी ना कुणी आपले मूल चालतानाची चित्रफीत टाकायची. भिंगरी ती बघायची, मग पिटुकलीकडे बघायची, आणि तिचा चेहरा उतरायचा.

आणि घाईबाई? इतके शिकूनही त्यांचे हात मागेच राहायचे. भिंगरी म्हणेल तेव्हा बाळ घ्यायच्या, म्हणेल तेव्हा खाली ठेवायच्या. आपण काही चुकलो तर लेक पुन्हा येणार नाही, ही भीती त्यांच्या मनात घर करून बसली होती. ही भीती त्यांनी फक्त सावकाशबाईंना सांगितली होती, गॅलरीत, माझ्यासमोर.

एका दुपारी सावकाशबाई बाळाचे कपडे घडी करत बसल्या होत्या. पिटुकली रडू लागली. घाईबाई उठल्या आणि थबकल्या. तेवढ्यात भिंगरीचा बांध फुटला.

"आई, तू तिला जवळसुद्धा घेत नाहीस. तुला नको आहे का ती?"

घाईबाई पांढऱ्याफटक पडल्या. "तू सांगितल्याशिवाय कशी घेऊ? माझं चुकलं म्हणजे?"

"मला तरी कुठे येतंय? एक प्रश्न विचारते, दहा जणी दहा उत्तरं देतात. तुला सगळं यायचं. मी तुझ्यासारखी नाही. मी आई म्हणून नापास आहे."

सावकाशबाईंनी हातातले झबले खाली ठेवले.

"हिला सगळं यायचं, असं तुला कुणी सांगितलं गं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "तू आठ महिन्यांची असताना तुला ताप आला. ही अनवाणी धावत माझ्या दारात. म्हणते, चल, डॉक्टरकडे जायचंय. मी विचारलं, मूल कुठाय? तर तुला घरीच विसरून आली होती."

भिंगरीने आईकडे बघितले. घाईबाई फरशीकडे बघत होत्या.

"तुझे बाबा होते घरात," त्या हळूच म्हणाल्या.

"बाबा झोपले होते," सावकाशबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, आधी श्वास घे. मग मूल घेऊ. मग डॉक्टर."

भिंगरीला हसू फुटले, आणि हसता हसता रडू. "मग तुम्ही कसं केलंत सगळं?"

"अर्धं मला यायचं, अर्धं हिला," घाईबाई म्हणाल्या. "दोघी मिळून एक आई व्हायचो. तुझ्याजवळ कोण आहे तिकडे?"

"दोनशे जणी आहेत की, गटात."

"त्या नाही गं. तू आंघोळीला गेलीस तर बाळ कोण धरतं? समोरच्या दारात कोण राहतं?"

"एक बाळ आहे तिथे," भिंगरी म्हणाली. "रडताना ऐकू येतं. आईचं नावही माहीत नाही मला."

या बोलण्यात पिटुकलीकडे कुणाचेच लक्ष नव्हते. ती रांगत गॅलरीत आली होती. तिने माझी मूठ धरली आणि उभी राहिली. कुंडी डगमगली. सावकाशबाईंनी, होय, सावकाशबाईंनी, आयुष्यात पहिल्यांदा धाव घेतली आणि कुंडी उचलली.

भिंगरीचा हात फोनकडे गेला. "आई, हे आता चालतं का?"

"मूल आत बसून पळवतं ती गाडी नको म्हणतात. उभं राहून ढकलायचं असेल तर चालेल, पण जवळ माणूस हवं," घाईबाई एका दमात म्हणाल्या. "वर्गात विचारून आलेय मी."

"कसल्या वर्गात?"

सावकाशबाईंनी सगळे सांगितले, उशीच्या ढेकरेसकट. भिंगरीने फोन कपाटावर ठेवला, ओल्या फडक्याने मला पुसले आणि माझ्या चाकांत तेल घातले. पिटुकली चार पावले चालली आणि धप्पकन बसली. कुणी किंचाळले नाही. घाईबाईंनी, कुणी न सांगता, नातीला उचलून कडेवर घेतले.

महिना संपला. निघताना भिंगरी म्हणाली, "आई, हा मी नेऊ?" इतक्या वर्षांत मी शहराबाहेर प्रथमच गेलो.

तिकडच्या घरात पिटुकली थोड्याच दिवसांत माझी मूठ सोडून चालू लागली. मला वाटले, आता पुन्हा एखादी कुंडी. पण एका सकाळी भिंगरीने मला उचलले आणि ती समोरच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. आत मूल रडत होते. तिने हात वर केला, खाली घेतला. घराकडे परत वळली. मग पुन्हा फिरली आणि दार वाजवले.

दार उघडले. अर्धी वेणी घातलेली एक बाई, कडेवर लाल झालेले बाळ.

"मी समोरची," भिंगरी म्हणाली. "हा... माझ्या लेकीचा झाला वापरून. तुमच्याकडे लागेल का?"

ती बाई मला बघत राहिली. "मला वाटलं, रडण्याची तक्रार करायला आलात."

"नाही हो. आमचीही अशीच रडते."

"आत या ना. पण घर नुसतं पसरलंय." तिने मागे बघितले. "अगंबाई, दूध ठेवलं होतं मी."

"तुम्ही दूध बघा. बाळ द्या इकडे."

त्या बाईने क्षणभर भिंगरीच्या डोळ्यांत बघितले आणि बाळ तिच्या हातात दिले.

मित्रांनो, मी आता त्या घरात आहे. माझे एकच मागणे आहे. जुनी वस्तू टाकण्याआधी ती पुसून बघा. कुणाचे तरी मूल अजून उभे राहायचे असते. आणि तुमच्या आईची मैत्रीण घरी आली, तर आवाज थोडा कमी करा, दोघींना पाणी नेऊन द्या आणि त्यांना निवांत बोलू द्या. त्या तुम्हालाच वाढवत असतात.