चेहऱ्याच्या कडा

कारखाना म्हणजे पत्र्याच्या छताची एक लांबट खोली. एका टोकाला हीटर आणि व्हॅक्यूमचं मशीन, दुसऱ्या टोकाला मावशीचं टेबल. भाचा प्लास्टिकची शीट तापवून साच्यावर ओढायचा; पंप खालून हवा खेचायचा आणि मऊ झालेली शीट साच्याला घट्ट चिकटून त्याचा आकार घ्यायची. मग जास्तीचं प्लास्टिक कापून कडा गुळगुळीत करायच्या, हे मावशीचं काम. औषधांचे ट्रे, यंत्रांची झाकणं, काय वाट्टेल ते. तिच्या हातून गेलेल्या कडेनं कधी कुणाला ओरखडा उठला नाही.

एका सकाळी घरी कढईतलं तेल भडकलं आणि मावशीचा उजवा गाल, हनुवटी, कपाळ भाजलं. जीव वाचला, डोळे वाचले. जखमा भरल्या, पण व्रण दोरखंडासारखे फुगायला लागले, तोंड पुरतं उघडेना. घरातले आरसे तिनं सुनेला काढून ठेवायला सांगितले. कारखान्याचं तर नावच टाकलं.

हॉस्पिटलमधल्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या, "व्रणांवर सतत हलका दाब राहिला तर ते बसतात. त्यासाठी चेहऱ्याच्या मापाचा पारदर्शक मुखवटा लागतो. बाहेरून मागवला तर फार उशीर होईल."

"साचा द्या," भाचा म्हणाला. "पुढचं माझ्यावर सोडा."

बाईंनी मावशीच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा तयार केला, मुखवट्याचा दाब पडावा म्हणून व्रणांच्या जागी तो किंचित घासला आणि खडखडीत वाळवून दिला. हवा खेचली जावी म्हणून भाच्यानं त्याला बारीक भोकं पाडली. पहिली शीट नाकापाशी चुणली. दुसरी हनुवटीवर कागदासारखी पातळ झाली. तिसरी मात्र अशी बसली, की मिटलेल्या पापण्यांची रेघसुद्धा उठली.

आता डोळ्यांच्या, नाकपुड्यांच्या, ओठांच्या जागा कापायच्या होत्या. भाच्यानं कटर उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी सगळं टॉवेलात गुंडाळून तो मावशीच्या दारात उभा राहिला.

"मला नाही जमणार गं. डोळ्यापाशी तुझ्यासारखी कड मला येत नाही."

"मग दे दुसऱ्या कुणाला तरी."

"तुझ्या चेहऱ्याला दुसऱ्याचा हात लागू देऊ?"

मावशीनं टॉवेल उलगडला. इतके दिवस टाळलेला चेहरा तिच्या मांडीवर होता. तिनं त्याच्या नाकावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "माझं नाक एवढं मोठं आहे?"

"प्लास्टर खोटं बोलत नाही, मावशी."

"मेल्या!" ती हसली. गालाची कातडी ओढली गेली, डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणून की आणखी कशानं, ते भाच्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोंडावरून पदर ओढून ती कारखान्यात आली. आधी बोटांनी स्वतःच्या भुवईचं हाड चाचपलं, मग मुखवट्यावर त्याच जागी खूण केली. कटर, कानस, पॉलिश पेपर. तिची बोटं कामानं निबर झालेली, म्हणून प्रत्येक कड तिनं खालच्या ओठावरून फिरवून पाहिली. ओठाला टोचलं, की पुन्हा पेपर.

मुखवटा दिवसरात्र घालायचा, फक्त जेवताना आणि धुताना काढायचा. घाम यायचा, खाज सुटायची, रस्त्यातली माणसं वळून बघायची. सून रोज मुखवटा साबणानं धुऊन, कोरडा करून पट्टे बांधायची आणि म्हणायची, "चला, हेल्मेट चढलं, आता गाडी काढा." मावशी त्याच मुखवट्यात टेबलावर बसून ट्रे कापत राहिली. हळूहळू व्रण खाली बसले. डाग राहिले, पण तोंड पुन्हा पुरतं उघडायला लागलं.

थेरपिस्ट बाईंनी मुखवटा काढायची परवानगी दिली, त्या दिवशी मावशी उघड्या चेहऱ्यानं कारखान्यात शिरली. भाचा बघतच राहिला.

"बघतोस काय? शीट जळेल!"

त्यानं घाईनं हीटर मागं सारला. मावशी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"आपल्या माणसाचे आभार मानायचे नसतात म्हणे. मी मानणार आहे. गुपचूप ऐकायचं."

भाचा मान खाली घालून हातमोजे काढत बसला. "बरं. झाले मानून?"

"नाही, अजून आहेत," मावशी म्हणाली. "आणि घरी गेल्यावर सुनेचे मानायचेत. ती तर मला बोलूच देणार नाही."