मागचे डावे दार

“लाव आता,” खाजाभाई म्हणाले.

नसीमबीने मोटारीचे मागचे डावे दार लोटले. खट् आवाज झाला.

“मूठ फिरवू नको. तशीच वढ.”

तिने दोन्ही हातांनी ओढले. दार हलले नाही.

“लागलं की. सकाळपासनं लागतंयच. मग तुमचं तोंड असं का?”

खाजाभाई जमिनीवर टेकले. पेचकस मांडीवर ठेवून त्यांनी डोळे मिटले. मागे एका बाजारच्या दिवशी ते भूमहून उतारू घेऊन निघाले होते, आणि वाशीच्या वाटेवर चालत्या मोटारीत हेच दार आपोआप उघडले. दाराशी बसलेल्या कस्तुराबाई कासारणीची बांगड्यांची पेटी रस्त्यावर फुटली. बाई थोडक्यात वाचली. तेव्हापासून खाजाभाई ते दार दुरुस्त करीत होते. अंगणात ते घट्ट धरायचे आणि रस्त्याला लागले की पुन्हा सुटायचे. उद्या तर वसंतराव कारकुनांची शारदा तान्ह्या बाळाला घेऊन याच मोटारीतून वाशीला सासरी जायची होती.

दाराची गोष्ट तशी साधी असते. दाराच्या कडेला लोखंडाची एक जीभ असते आणि समोरच्या चौकटीच्या खांबावर तिच्यासाठी खाच असते. दार लावले की जीभ खाचेत शिरते आणि आतली स्प्रिंग तिला तिथे धरून ठेवते. जीभ झिजली, स्प्रिंग थकली किंवा खाच सरकली तर दार सुटते. खाजाभाईंनी सगळे उघडून पाहिले होते. कशातच खोट नव्हती.

“काय ओ खाजाभाई, दाराशी निकाह लावला का काय?” डोक्यावरची नवी पेटी सावरत कस्तुराबाई अंगणात आली. “नसीमबी, सवत आली बघ तुला.”

“येऊ दे की. भाकरी तरी थापील.”

कस्तुराबाईने दार ओढून पाहिले. “आता धरतंय व्हय! रिकाम्या मोटारीतनं कोन पडणाराय? त्या दिवशी आमी कोंबड्यांवानी कोंबलो हुतो आत. माणसं बसवून बघितलं का?”

खाजाभाईंचा हात थांबला. पाहिले नव्हते. तसे मनातच आले नव्हते.

ते जहागीरदारांकडे ड्रायव्हर झाले, तेव्हा त्यांना पहिली गोष्ट शिकवली गेली ती ही, की मागची सीट धन्याची. पुसायची, झटकायची, पण टेकायचे नाही. पुढे राज्य गेले. जहागीरदार हैदराबादला गेले आणि जाताना मोटार यांच्याच हवाली करून गेले. तेव्हापासून ती सीट गिऱ्हाइकाची झाली. घरच्यांची ती कधीच झाली नाही. नसीमबी माहेरी जायची ती बैलगाडीने आणि नंतर एस.टी.ने. तिनेही कधी विचारले नाही.

“बस आत,” तिच्याकडे न बघता ते म्हणाले.

“म्या?”

“वजन पायजे.”

नसीमबीने चपला बाहेर काढल्या, पदराने तळवे पुसले आणि ती सीटच्या काठावर बसली.

“सरक गं बेगम,” म्हणत कस्तुराबाई शेजारी शिरली. खाजाभाईंनी ज्वारीची दोन पोती त्यांच्या पायाशी लोटली आणि दार लावले. या वेळी आवाज निराळा आला, पोकळ. त्यांनी मोटार चालू करून पुढे घेतली. मोरीच्या खळग्यात चाक उतरले आणि कुणी हात न लावता दार अलगद उघडले.

“आगं आई!” कस्तुराबाईने नसीमबीला मिठी मारली.

खाजाभाई मोटारीखाली आडवे झाले. दाराखालची पट्टी गंजून पापडासारखी झाली होती. माणसे बसली की मोटारीचे अंग खाली बसायचे, खांब कलायचा आणि खाच जिभेपासून दूर जायची. माणसे उतरली की सगळे पुन्हा जागेवर.

“कुलूप चांगलं हाय,” ते खालूनच म्हणाले. “मोटारच थकली.”

“जोड मारा की,” कस्तुराबाई म्हणाली.

“मारू कशावर? धरायला लोखंड तर पायजे.”

तेवढ्यात उद्याची वेळ ठरवायला वसंतराव आले. खाजाभाईंनी त्यांना सगळे सांगितले.

“अहो, दोरीने बांधू दार. वाशीपर्यंत तर जायचंय. तुमच्या भरवशावर व्याह्यांना कळवून बसलोय मी.”

“बांधलं आन् वाटंत काय झालं, तर लेकरू बाहेर कसं काढायचं?”

“मग मी धरून बसतो.”

“न्हाय वसंतराव. तुमी एस.टी.नं जावा.”

“आणि तुम्ही?”

खाजाभाईंनी बोनेटवर हात ठेवला. “आता हिच्यात कुनालाच बसवनार न्हाय.”

वसंतराव मान हलवून गेले. कस्तुराबाईही पोत्यांवरून पाय टाकत उतरली. जाताना काहीतरी चेष्टा करायची म्हणून ती वळली, पण खाजाभाईंचे तोंड पाहून तशीच निघून गेली. बातमी संध्याकाळपर्यंत भूमभर होणार होती.

खाजाभाईंनी पोती उतरवली. नसीमबी अजून आतच होती. आता ती सीटला पाठ टेकून बसली होती.

“उतर.”

“बसते जराशी. ही काच खाली येती का?”

त्यांनी आत हात घालून काच उतरवली. नसीमबीने खिडकीवर कोपर टेकले आणि समोरच्या कुडाकडे पाहत राहिली. पोती गेली होती, तरी दार पुरते लागत नव्हते. वारा आला की बोटभर उघडत होते. खाजाभाईंनी बाहेरून त्याच्यावर तळहात टेकला.

“वाशी आली का?” तिने विचारले.

“लांब हाय अजून,” ते म्हणाले, आणि दार धरून उभे राहिले.