निळा भुंगेरा आणि सासऱ्यांचं कपाट

भुंगेऱ्याच्या बाबतीत त्याने एकतीस वर्षांत एकही थाप मारली नव्हती. बाकी सगळ्या बाबतीत मारल्या होत्या, खोटं कशाला बोला! पण संग्रहालयाच्या कीटक विभागात 'चौकडी भुंगेरे' नावाच्या कुळाचं खातं त्याच्याकडे होतं, आणि तिथे त्याचं लेबल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. खात्री नसेल तर सरळ 'ठाऊक नाही' लिहायचा. उगाच भलतंच नाव ठोकून द्यायचं त्याच्या रक्तातच नव्हतं.

रविवारी सकाळी बायको बटणांची डबी घेऊन पुढ्यात उभी राहिली. ती शिवणकाम करायची. तिच्या नजरेतून टाचणी सुटत नसे, तर हा कुठला सुटायला!

"अहो, हे काय आहे? माझ्या कपाटात तीन सापडले."

डबीत निळेशार, केसाळ भुंगेरे. असले निळे दोन जातींचे असतात, वरून अगदी जुळे भाऊ. एक कोरिनेटीस, लाकडातल्या किडीवर जगणारा. दुसरा नेक्रोबिया, वाळलेल्या मांसामासळीवर. आणि त्याच कपाटाच्या खालच्या खणात, त्याच्या जुन्या बुटात, त्यानेच लपवलेली सुक्या मासळीची पुडी होती. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी खारट बंद केलं होतं. त्याने बायकोच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, वर डोळ्यांत पाणीही आणलं होतं.

"कोरिनेटीस," भिंग न लावताच तो म्हणाला. "लाकूड पोखरणाऱ्या अळ्या खातो."

"म्हणजे कपाटाला कीड लागलीय?"

"असेल थोडीफार."

त्याला वाटलं, मिटलं. कसलं मिटतंय! तासाभरात सासरे हातोडी-पटाशी घेऊन दारात हजर. ते सुतार, लेकीच्या लग्नात ते कपाट त्यांनी स्वतःच्या हातांनी करून दिलं होतं. आता वय ऐंशी, पण बायकोने फोनवर 'कीड' म्हटल्याबरोबर म्हातारा चप्पल उलटसुलट घालून निघाला होता.

त्यांनी कपाटावरून तळवा फिरवला, बोटाने ठोकून पाहिलं, कान लावला.

"भोक तर एक दिसत नाही," ते म्हणाले. "पण जावईबापू, तुम्ही म्हणता म्हणजे असणारच. लाकूड वर्षभर वाळवलं होतं मी. घाईच केली असेन कुठेतरी." आणि त्यांनी डोळे पुसले. "चला, सुटं करू. उगाच घरभर पसरायला नको."

ते स्टुलावर चढून वरच्या फळीचे स्क्रू काढायला लागले. बायको चहा टाकायला गेली. एवढी संधी पुरे होती. त्याने गपकन बुटातली पुडी उचलली, सदऱ्यात कोंबली, वरचं बटण लावलं. सुटला! आता कुणाच्या बापालाही कळणार नव्हतं.

वरून एक स्क्रू खाली पडला. "माझ्याच हातची खोट," सासरे त्या स्क्रूकडे बघत पुटपुटले. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

"बाबा, खाली उतरा," तो म्हणाला. "मी भिंग लावलंच नव्हतं."

त्याने टेबलावर भिंग मांडलं, एक भुंगेरा उताणा ठेवला, बायकोलाही हाक मारली. "तोंडाशी इवल्या काड्या दिसतात? त्यांचा शेवटचा सांधा बघा. कुऱ्हाडीच्या पात्यासारखा पसरट असेल तर कोरिनेटीस."

सासऱ्यांनी एक डोळा मिटून पाहिलं. "कुठली कुऱ्हाड? पेन्सिलीसारखा सरळ आहे की!"

"मग नेक्रोबिया."

"तो लाकडात नसतो?" बायकोने विचारलं. "मग कशात असतो?"

त्याने खिशातून लेबलाचा कागद काढला, नेहमीच्या बारीक अक्षरात लिहिलं आणि कागद तिच्या हातात दिला. तिने मोठ्याने वाचलं:

"नेक्रोबिया. ठिकाण: कपाट, खालचा खण, डावा बूट. कशावर: सुकी मासळी. मासळी कोणाची: माझी."

मग सासऱ्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे माझं लाकूड..."

"ठणठणीत आहे बाबा. माझ्यापेक्षा तरी नक्कीच."

म्हातारा कपाटाला पाठ टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा हसत सुटला. बायको मात्र हसली नाही. ती जवळ आली, नाक मुरडलं, आणि त्याच्या कॉलरकडे बघत राहिली. तिथून एक निळा भुंगेरा सावकाश वर चढत होता.

तिने दोन बोटांनी तो अलगद उचलून डबीत टाकला आणि कोरं लेबल पुढे सरकवलं.

"याचंही लिहा. ठिकाण: नवरा."

त्याने लिहिलं.