मधली फळी

“सर, यंदा तुम्ही राहू द्या की. खांदा बरा नाहीये तुमचा,” सृष्टी मॅडम म्हणाल्या.

मल्लिनाथ सरांनी शर्टाची घडी घालून ती दगडावर ठेवली. “नियम कुणी केला?”

“तुम्हीच.”

“मग?”

उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या या शाळेत जलस्काउटचं पथक सरांनीच उभं केलं होतं. दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या दिवशी प्रत्येकानं होडी उलटी करायची, परत सुलटी करायची आणि कुणाचाही हात न धरता आत चढायचं. जमलं तर वल्हं मिळे. नाही जमलं, तर लाइफ जॅकेटवर तेलाचा रिकामा डबा बांधून वर्षभर मधल्या फळीवर बसायचं. सरांनाही सूट नव्हती. ते वल्ह्याऐवजी सुकाणूसाठी उतरत, एवढाच फरक.

सर मूळचे वळसंगचे. तिथं पाणी बघायला विहिरीत वाकावं लागतं. पाठीला असाच डबा बांधून ते पोहायला शिकले होते. डबा सुटण्यातलं सुख दुसऱ्या कशात नाही, असं ते मुलांना सांगत. मे महिन्यात निवृत्ती होती. वर्ग, निवडणुकीच्या ड्युट्या आणि कसले कसले सर्व्हे यांनी माणूस पार पिळून निघाला होता. शेवटचं वर्ष सुकाणूवर जावं, एवढं एकच मागणं उरलं होतं.

पोरांची पाळी आटोपल्यावर सर पाण्यात उतरले. होडी उलटी झाली, थोड्या खटपटीनं सुलटीही झाली. काठावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी होडीची कड धरून पाय झाडले, छाती वर आली आणि उजवा खांदा दगा देऊन गेला. ते परत पाण्यात पडले. पुन्हा तसंच झालं. त्यानंतर टाळ्या बंद झाल्या.

आठवीतली संघप्रिया पोहत आली आणि सरसर होडीत चढली. मागच्या वर्षी थोडक्यात चढणं हुकलं आणि हिच्या पाठीला डबा आला होता. ती रडली, तिची आई भांडायला आली, पण सर बधले नव्हते.

“सर, हात द्या.”

“नियम हाय, बाळ.”

“कोण बघतंय? ए, तिकडं तोंड करा रे समदी!”

काठावरची सगळी पोरं खरंच पाठ फिरवून उसाकडं बघत उभी राहिली. मॅडमसुद्धा वळल्या. सरांना भरून आलं. दमही उरला नव्हता. त्यांनी संघप्रियाचा हात धरला.

“चढले! एकट्यानं चढले सर!” ती ओरडली. काठावर एकच जल्लोष झाला. सर होडीच्या तळाशी आडवे पडून धापा टाकत होते. पोरगी आपल्यासाठी इतक्या सहज खोटं बोलली, याचं त्यांना बरंही वाटलं आणि लाजही वाटली.

होडी काठाला लागल्यावर ते म्हणाले, “संघप्रिया, डबा आण.”

“कुणाला बांधायचा?”

सरांनी तिच्याकडं पाठ केली.

“न्हाय सर. मी न्हाय बांधणार.”

“तुला मी बांधलाच की. बांध. सैल नको.”

तिनं बांधला. गाठ दोनदा ओढून बघितली. मॅडम सुकाणूवर जाऊन बसल्या. मधल्या फळीवर पाचवीतली दोन डबेवाली पोरं होती. त्यांनी सरकून जागा केली आणि सर त्यांच्यामध्ये बसले.

वल्ही पाण्यावर तयार होती, पण होडी हलेना. सवयीनं सगळे सरांच्या हुकुमाची वाट बघत होते. सर आपल्या ओल्या गुडघ्यांकडं बघत राहिले. शेवटी मॅडमनीच वल्हवायची हाक दिली.